पाय मुरगळला? चोळू नका, आधी बसा!

मैत्रिणींनो, घरातल्या पुरुषाचा पाय मुरगळला तर काय होतं ते आपण सगळ्याच जाणतो. कॉट अंगणात येते, उशा येतात, चहा येतो आणि शेजारचे चार जण बघायला येतात. पण घरातल्या बाईचा पाय मुरगळला तर? ती 'आई गं!' म्हणून खाली बसते, दोन मिनिटं घोटा धरते, आजूबाजूला कोणी पाहिलं नाही ना याची खात्री करून घेते आणि लंगडत लंगडत दूध उतरवायला आत जाते. रात्री पाय सुजून टम्म होतो, तेव्हा कोणीतरी म्हणतं, 'तेल लावून चोळ आणि झोप. सकाळी बरं वाटेल.'

सकाळी बरं वाटत नाही. महिनाभराने वाटतं. पुढे वर्षभरात तोच पाय, त्याच जागी पुन्हा मुरगळतो. मग तिसऱ्यांदा. शेवटी 'माझा हा पाय जरा कच्चाच आहे' हे वाक्य त्या बाईला कायमचं चिकटतं. तो पाय जन्मतः कच्चा नसतो हो! पहिल्या वेळी त्याची नीट काळजी घेतली गेली नाही, म्हणून तो बहुधा कच्चा राहिलेला असतो. म्हणून आज या साध्या वाटणाऱ्या दुखण्याबद्दल जरा सविस्तर बोलू या.

घोट्यात असतं तरी काय?

आपला घोटा म्हणजे सुताराने बसवलेल्या खाचेसारखा सांधा आहे. नडगीची दोन हाडं खाली येतात आणि त्यांची दोन टोकं आतून आणि बाहेरून पावलाच्या हाडाला चिमट्यासारखी धरतात. पायाला दोन्ही बाजूंनी जे दोन उंचवटे हाताला लागतात, तीच ही टोकं. आता स्वतःचाच पाय समोर घेऊन नीट पाहा. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा थोडा खाली आलेला दिसेल. त्यामुळे पाऊल बाहेरच्या बाजूला फारसं कलंडू शकत नाही. आतल्या बाजूला मात्र सहज वळतं.

ही हाडं एकमेकांना बांधून ठेवायला चिवट दोऱ्यांसारखे पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात, आणि डॉक्टर बोलताना लिगामेंट म्हणतात ते हेच. आतल्या बाजूचा पट्टा रुंद आणि भक्कम असतो. बाहेरच्या बाजूला तीन वेगवेगळे, त्या मानाने बारीक पट्टे असतात. पाऊल आत वळलं की सगळा ताण या तीन पट्ट्यांवर येतो. त्यातला पुढचा सगळ्यात दुबळा, म्हणून तोच बहुतेक वेळा आधी दुखावतो. बाहेरच्या उंचवट्याच्या जरा पुढे आणि खाली दुखतं, ते यामुळेच.

आणखी एक गंमत पाहा. चवडा खाली झुकलेला असतो, म्हणजे पायरी उतरताना किंवा उंच टाचेची चप्पल घातल्यावर, तेव्हा हाडांच्या या खाचेत थोडा सैलपणा येतो. म्हणून पाय मुरगळतो तो बहुधा चढताना नाही, उतरताना. जिन्याची शेवटची पायरी नाही असं समजून टाकलेला पाय, एस.टी.तून घाईने मारलेली उडी, मोरीचा उंबरा, अंगणातला खड्डा, ही सगळी त्याची नेहमीची ठिकाणं.

पट्टा नुसता ताणला गेला असेल तर ती पहिल्या पायरीची इजा. थोडा फाटला असेल तर दुसऱ्या पायरीची आणि पुरता तुटला असेल तर तिसऱ्या पायरीची. मराठीत आपण तिन्हींना 'लचक' किंवा 'मुरगळ' म्हणूनच सोडून देतो आणि घोटाळा तिथेच होतो. एकीची लचक आठ दिवसांत जाते आणि दुसरीची तीन महिने जात नाही, कारण दोघींची दुखापत मुळात एक नसते.

काळ्या रानातली वाट

आता असं धरून चालू की तुमचं माहेर चुडाव्याचं आहे. परभणी जिल्ह्यातलं, पूर्णेहून नांदेडला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे गाव. तुम्ही राहता शहरात, फरशीवर आणि डांबरी रस्त्यावर. सणाला म्हणून माहेरी आलात आणि भावजयीबरोबर रानात निघालात.

आपल्या मराठवाड्याची काळी माती कसाला चांगली, पण पायाला मोठी फसवी. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. म्हणून उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती चपलेला लाडवासारखी चिकटते. चिकटलेल्या मातीने चपलेचा तळ वाकडातिकडा होतो. धुऱ्यावरून चालताना एक पाय वर, एक पाय खाली. त्यात नजर कापसाच्या बोंडाकडे किंवा बोलणाऱ्या भावजयीच्या तोंडाकडे. पाय भेगेत गेला, आत वळला, 'कट्' असा आवाज झाला आणि तुम्ही खाली!

गावाकडच्या बायका रोज या वाटेने जातात, त्यांचे पाय सरावलेले असतात. तुमचे नसतात. छोट्या स्टेशनांवर फलाट आणि डब्याची पायरी यांत बरंच अंतर असलं, तर तिथेही हाच धोका. हातात पिशवी, कडेवर मूल आणि गाडी सुटायची घाई. अशा वेळी एक करा, आधी मूल आणि सामान कोणाकडे तरी द्या, दांडी धरा आणि मग उतरा.

पहिली पाच मिनिटं

पाय मुरगळला की पहिलं काम म्हणजे बसणं. आहे तिथे बसा, मग ते धुऱ्यावर असो की बाजारात. 'लोक काय म्हणतील' हा विचार त्या वेळी पूर्ण बाजूला ठेवा.

दुसरं काम बायकांनाच सांगावं लागतं. त्या पायातली जोडवी, मासोळ्या, पैंजण, तोरड्या लगेच काढा. हो, लगेच! सूज पुढच्या काही तासांत भराभर चढते आणि बोटांपर्यंत उतरते. मग जोडवं बोटात रुततं आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. अनेकींना जोडवी काढायला मन घेत नाही, सासूबाई काय म्हणतील असंही वाटतं. पण सासूबाईंनाच समजावून सांगा, की पाय बरा झाला की घरातल्याच कोणी सवाष्णीच्या हातून पुन्हा घालू. बोट काळंनिळं पडल्यावर तेच जोडवं डॉक्टरांना कापून काढावं लागतं, त्यापेक्षा हे बरं. निघत नसेल तर पाय उंच धरून ठेवा, साबणाचं पाणी किंवा तेल लावा आणि हळूहळू फिरवत काढा. ओढू नका.

तिसरं काम म्हणजे पाय वर घ्या. दगडावर, पिशवीवर, कोणाच्या मांडीवर, कुठेही. आणि घरी जाताना आधार घेऊन जा. मोटारसायकल, बैलगाडी, रिक्षा, जे मिळेल ते बोलवा. मुरगळलेल्या पायावर दोन किलोमीटर चालून येण्यात काही शौर्य नाही.

लचक की हाड?

आता खरा प्रश्न. पट्टा दुखावलाय की हाड मोडलंय? इथे तीन गैरसमज घरोघर ऐकू येतात.

'बोटं हलतात ना? मग हाड शाबूत आहे.' हे खरं नाही. बोटं हलवणारे स्नायू वेगळे असतात, घोट्याचं हाड मोडलेलं असतानाही बोटं हलू शकतात.

'आवाज झाला म्हणजे हाड मोडलंच.' हेही खरं नाही. पट्टा तुटतानाही आवाज होतो.

'सूज मोठी, म्हणजे मोड.' सूज लचकीतही अंड्याएवढी येते. नुसत्या सुजेवरून काही ठरत नाही.

मग ठरवायचं कसं? कॅनडातल्या ओटावा शहरात डॉक्टर इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरच काम केलं आणि १९९२ साली काही सोपे नियम प्रसिद्ध केले. आज जगभर डॉक्टर ते वापरतात. ते मुळात डॉक्टरांसाठी आहेत, पण आपण दवाखान्यात कधी जायचं हे ठरवायला आपल्यालाही उपयोगी पडतात.

एक, मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता येत नसतील, तर फोटो काढायला हवा. लंगडत टाकलेली पावलंही चालतात. पण चार पडायला हवीत.

दोन, घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याच्या टोकावर, अगर मागच्या कडेवर खालून तीन-चार बोटं वरपर्यंत, हाडावर दाबल्यावर जीव जाईल असं दुखत असेल, तर फोटो हवा.

तीन, पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपासून मागे निम्म्या अंतरावर एक हाड उंच लागतं, तिथे दाबल्यावर दुखलं तरी फोटो हवा. तसंच पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे आणि खाली असलेल्या हाडाचं.

यांतलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच थोडी. एक लक्षात ठेवा, साध्या क्ष-किरण फोटोत हाड दिसतं, पट्टा दिसत नाही. 'फोटो चांगला आलाय, म्हणजे काही झालेलं नाही' असं म्हणून दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन बसू नका. फोटोने एवढंच सांगितलं की हाड शाबूत आहे.

काही जणींनी मात्र या नियमांवर विसंबू नये, सरळ डॉक्टरांना दाखवावं. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाला नीट जाणवत नाही त्यांनी, पाळी गेलेल्या आणि हाडं ठिसूळ झालेल्या सासूबाईंनी, आईंनी, आणि लहान मुलांच्या बाबतीतही. मुलांची हाडं वाढत असतात आणि हाडाच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग पट्ट्यापेक्षा नाजूक असतो. मोठ्या माणसाची लचक असते, तिथे मुलाच्या हाडाला इजा झालेली असू शकते. गरोदर बाईने फोटो काढण्यापूर्वी दिवस गेल्याचं सांगावं, म्हणजे डॉक्टर तशी काळजी घेतात.

आणि पाय वाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल, पाऊल गार, पांढरं किंवा निळं पडलं असेल, तर घरी एक मिनिटही घालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत. चुडाव्यासारख्या गावाहून एका बाजूला पूर्णा आणि परभणी, दुसऱ्या बाजूला नांदेड. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि परभणीतही २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

पहिले दोन-तीन दिवस

१९७८ साली गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी मुरगळलेल्या पायासाठी चार गोष्टी सांगितल्या: विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच. पुढे कित्येक वर्षं सगळे तेच सांगत आले. नंतर २०१४ साली खुद्द मिर्किन यांनीच म्हटलं, की बर्फाचा मारा आणि पूर्ण विश्रांती यांनी पाय बरा व्हायला उलट उशीर लागू शकतो. २०१९ साली कॅनडातल्या दोन तज्ज्ञांनी सगळ्याची पुन्हा मांडणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सुरुवातीला पायाला जपा, उंच ठेवा, पट्टी बांधा. पण दोन-तीन दिवसांनी त्याला हळूहळू कामाला लावा.

म्हणजे आपण काय करायचं?

पाय उंच ठेवा. नुसता स्टुलावर नव्हे. पडून राहा आणि पायाखाली दोन-तीन उशा घेऊन पाऊल छातीच्या पातळीच्या वर आणा. सुजेवर याच्यासारखा बिनखर्चाचा उपाय नाही.

दुखणं फार असेल तर गार शेक द्या. बर्फ पातळ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नका, कातडी भाजल्यासारखी होते. गावात बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं पुष्कळ झालं. गार शेकाने दुखणं कमी होतं एवढंच, पट्टा त्याने लवकर सांधत नाही. तेव्हा तासन्‌तास बर्फ घेऊन बसू नका.

क्रेप बँडेज बांधा. ते औषधाच्या दुकानात मिळतं. पाऊल नडगीशी काटकोनात धरा. बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, तळपायाला दोन वेढे द्या, मग घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घेत घोट्याच्या चार बोटं वर जाऊन थांबा. प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा यावा. टाच उघडी राहिली तर सूज तिथेच फुगते, म्हणून तीही झाका. बोटं मात्र उघडी ठेवा. बोटाचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत ते पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. झालं नाही, मुंग्या आल्या, बोटं गार लागली, तर पट्टी घट्ट झाली, सोडून पुन्हा बांधा. रात्री झोपताना सोडून ठेवा.

चोळणं, शेक, लेप आणि पायाळू

आता येते खरी परीक्षा. तुम्ही माहेरी कॉटवर पाय वर करून पडला आहात आणि काकू तेलाची वाटी घेऊन येतात. 'चोळून घे की माय, रगत मोकळं होतंय!' त्यांच्या मायेत खोट नाही. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळून घेऊ नका.

कारण सोपं आहे. पट्ट्याबरोबर बारीक रक्तवाहिन्याही फुटलेल्या असतात. त्या बंद होत असताना वरून रगडलं तर पुन्हा रक्त झिरपतं आणि सूज वाढते. गरम विटेचा, गरम पाण्याचा शेकही त्या दिवसांत तेच करतो. चौथ्या-पाचव्या दिवशी सूज उतरू लागली की कोमट शेक घ्यायला, हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. पण हलक्याच हाताने बरं का! 'मुरगळलेलं उलटं फिरवून जागेवर आणतो' असं म्हणून पाय पिरगळणाऱ्याच्या हातात मात्र पाऊल कधीच देऊ नका. लचकीत काही जागेवरून सरकलेलं नसतं, मग बसवायचं काय? आणि हाडाला चीर गेली असेल तर ती या पिरगळण्याने मोठी होते. बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधणं तर त्याहून वाईट. त्याने रक्तपुरवठा तुटून पाय गमवायची वेळ आल्याची उदाहरणं डॉक्टरांना चांगली माहीत आहेत.

हळद-तुरटीचा, आंबेहळदीचा लेप घालावा का? शेजारच्या वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या भागात हळदीचा अभिमान असणारच. कातडी धड असेल आणि लेप गार किंवा अगदी कोमट असेल, तर नुकसान नाही. मन शांत होतं, गारवा वाटतो. पण कढत लेप सुजलेल्या कातडीला भाजून फोड आणतो. खरचटलेल्या जागेवर लेप घालू नका. आणि लेप घातला म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका. एरंडाच्या, निर्गुडीच्या पानांचंही हेच.

पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची पद्धतही आहे. श्रद्धेने कोणी हळूच पाय लावून गेलं तर लावू द्या, वाद घालू नका. लाथ मात्र नको!

आता औषधं. दुखणं सोसत नसेल तर पॅरासिटामॉल पुरतं. दुखऱ्या जागी लावायचं डायक्लोफिनॅकचं मलमही चांगलं काम करतं, फक्त ते चोळायचं नाही, पसरायचं. पोटात घ्यायच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मात्र दुकानदाराला विचारून घेऊ नका. ज्यांना पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, दमा आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांना त्या बाधू शकतात.

आणि घरचं काम?

आता सगळ्यात अवघड गोष्ट. डॉक्टर 'विश्रांती घ्या' म्हणतात आणि तुम्ही मनात म्हणता, 'बोलायला काय जातं!' तरी ऐका. फाटलेला पट्टा सांधताना पहिल्या दिवसांत त्यावर पुन्हा ताण आला तर तो लांब, सैल सांधतो. तोच तुमचा पुढचा 'कच्चा पाय'. म्हणजे या दिवसांत वाचवलेल्या दोन दिवसांच्या पोळ्या पुढे कित्येक वर्षं वसूल होतात.

म्हणून घरात स्पष्ट बोला. कुढत बसू नका आणि कोणाच्या लक्षात येईल याची वाटही पाहू नका. 'अहो, मला तीन दिवस उभं राहायचं नाही. कुकर तुम्ही लावा, भाजी मी बसून चिरून देते,' इतकं सरळ सांगितलं की बहुतेक घरांत जमतं. पाणी भरणं, धुणं, जिने, ही तीन कामं तरी आठवडाभर दुसऱ्याकडे द्या. निवडणं, सोलणं, मुलांचा अभ्यास, ही पाय वर ठेवून होण्यासारखी कामं स्वतःकडे ठेवा.

उकिडवं बसणं सगळ्यात वाईट, कारण त्यात घोटा पूर्ण वाकतो. मोरीत धुणं उकिडवं बसून धुवायचं नाही. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर मधे भोक असलेली खुर्ची मिळते ती ठेवा, नाहीतर भिंतीला धरायला काहीतरी हवंच. ओट्याशी उंच स्टूल ठेवा. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे एवढं पाठ करा.

चौथ्या-पाचव्या दिवशी पायावर काळेनिळे डाग पडतात, ते बोटांपर्यंत उतरतात. घाबरू नका. साचलेलं रक्त वजनाने खाली येतं, आपोआप विरतं. मात्र पोटरी दुखू लागली, सुजून ताठ झाली किंवा एकाएकी धाप लागली, तर लगेच डॉक्टरांकडे जा, कारण पडून राहिल्याने क्वचित पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होते.

पाऊल पाटीवर अक्षरं गिरवतं

दोन-तीन दिवसांनी पायाला हलवायला सुरुवात करायची. महिनाभर पाय गुंडाळून ठेवला तर घोटा आखडतो आणि पोटरी बारीक होते. दुखणं बेताचं राहील इतपतच करा. चांगलंच दुखलं तर थांबा, उद्या थोडं कमी करा.

पहिला व्यायाम मुलांना फार आवडेल. खुर्चीत बसा, पाय लांब करा आणि अंगठ्याने हवेत 'अ, आ, इ, ई' गिरवा. 'ळ' आणि 'ज्ञ' आले की घोटा सगळ्या बाजूंनी फिरलेला असतो. दिवसातून दोनदा पूर्ण मुळाक्षरं.

दुसरा, पाय लांब करून बसा, चवड्याला टॉवेल अडकवून स्वतःकडे ओढा आणि तीस आकडे मोजा. पोटरी सैल होते.

तिसरा, भिंतीशेजारी बसून पावलाची बाहेरची कड भिंतीवर दाबा, पाच मोजा, सोडा. असं दहा वेळा. पाय आत वळताना तो सावरणारे स्नायू यानेच मजबूत होतात.

चौथा दुखणं बरंच उतरल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला, हळू खाली या. दहा वेळा.

पाचवा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळ्या सोडून देतात. ओट्याजवळ दुखऱ्या एका पायावर उभ्या राहा, अर्धा मिनिट. आधी हात टेकून, मग न टेकता, मग डोळे मिटून. डोळे मिटताना जवळ कोणीतरी असू द्या. कुकरच्या शिट्टीची वाट पाहताना हे सहज होतं. याने काय होतं? पट्ट्यांत बारीक मज्जातंतू असतात. पाऊल किती कलंडलंय याची खबर ते मेंदूला देतात आणि मेंदू स्नायूंना सावरायला सांगतो. पट्टा फाटला की ही तारही ढिली होते. दुखणं गेलं, सूज गेली, पण खबर उशिरा पोचते आणि तोवर पाय मुरगळून गेलेला असतो. एका पायावर उभं राहून ही तार पुन्हा जुळते. म्हणून पाय बरा वाटला तरी हा व्यायाम निदान दोन-तीन महिने चालू ठेवा.

किती दिवस लागतील?

साधी लचक एक-दोन आठवड्यांत, अर्धवट फाटलेला पट्टा साधारण तीन ते सहा आठवड्यांत, पुरता तुटलेला काही महिन्यांत. संध्याकाळी थोडी सूज त्यापुढेही कित्येक आठवडे दिसू शकते. पण पाच-सहा दिवसांनीही भार देता येत नसेल, दोन-तीन आठवड्यांत काहीच उतार नसेल, सांधा अडकल्यासारखा होत असेल किंवा पाय चालताना दगा देत असेल, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. तुटलेल्या पट्ट्यालाही बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही, आधार देणारा पट्टा आणि भौतिकोपचार पुरतात. पण ते ठरवणारे डॉक्टर असावेत, शेजारीण नको.

पुढच्या वेळी माहेरी जाताना सपाट, मागून पट्टा असलेली चप्पल न्या. तळ झिजलेली, एका बाजूला कलंडलेली चप्पल 'अजून चालतेय' म्हणून घालू नका. रानात जाताना साडीचा काठ घोट्याच्या वर खोचा आणि चपलेची माती अधूनमधून दगडावर झाडा. घरात जिन्याच्या शेवटच्या पायरीला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारा, मोरीशी दिवा लावा. औषधाच्या पेटीत एक क्रेप बँडेज आणि पॅरासिटामॉलची पट्टी असू द्या.

आणि पुढच्या वेळी मैत्रिणीचा, जावेचा किंवा घरकामाला येणाऱ्या मावशींचा पाय मुरगळला, तर तेलाची वाटी आणू नका. दोन उशा आणा, त्यांच्या पायातली जोडवी उतरवा आणि त्यांच्या वाटणीची भांडी त्या दिवशी तुम्ही घासा. ही मदत कोणत्याही लेपापेक्षा गुणकारी आहे.